भरपाई : मुळशीपासून कार्बनपर्यंत

यंदा मे महिन्यात परदेशातून आलेल्या भाच्याने मला मोबाइलवर एक पावती दाखवली. विमानाचे तिकीट काढताना त्याने थोडे जास्तीचे पैसे भरले होते; त्यातून भारतात कुठेतरी झाडे लावली जाणार होती. "मामा, माझ्या प्रवासामुळे जेवढा कार्बन हवेत गेला, त्याची भरपाई झाली," तो म्हणाला. त्याच्या समाधानावर विरजण घालायचे माझ्या मनात नव्हते. पण 'भरपाई' हा शब्द ऐकला आणि मला मुळशी आठवली. पुणे जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी याच शब्दावरून मोठा झगडा झाला होता.

मुंबईच्या कापडगिरण्या तेव्हा दगडी कोळशावर चालत आणि तो कोळसा फार लांबून आणावा लागे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस अडवावा, ते पाणी नळांतून कोकणात उतरवावे आणि त्या धारेवर वीज तयार करावी, ही योजना टाटांनी हाती घेतली. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. तिसऱ्या वीजघरासाठीचे धरण पुण्याच्या पश्चिमेला, मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ मुळशीला ठरले. त्याच्या पाण्यावर भिऱ्याचे वीजघर १९२७ पासून चालू लागले.

आजच्या हिशेबाने पाहिले तर हा कार्बन उत्सर्जन घटवणारा जवळजवळ आदर्श प्रकल्प ठरेल. धूर नाही, राख नाही, आणि कोळशाची बचत वर्षानुवर्षे. त्या काळी हवामानबदलाची चर्चा नव्हती. पण कोळसा वाचेल, हा या योजनेचा एक फायदा म्हणून तेव्हाही सांगितला जात होता.

हिशेबाची दुसरी बाजू मुळशीच्या खोऱ्यात होती. सुमारे ५२ गावे आणि ११ हजार माणसे या योजनेच्या छायेत आली. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन सरकारने जमिनी कंपनीला मिळवून द्यायचे ठरवले. विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव फिरून लोकांना जागे केले आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, धरणाच्या जागेवर सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' ही मावळ्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. कायदेशीर हक्कावर अडून न राहता टाटांनी लोकांशी बोलावे, असे गांधीजींनी 'यंग इंडिया'तून सुचवले. काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले. बापटांनी वारंवार तुरुंगवास भोगला. १९२४ पर्यंत लढा संपला आणि खोऱ्यात पाणी चढले.

या लढ्याला पहिल्यापासून एक तडा होता आणि तो आपल्या पुण्याच्या पेठांमधून जात होता. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहावरच्या पुस्तकात तो तपशीलवार दाखवला आहे. खोऱ्यातली बरीच जमीन कर्जापायी पुण्याच्या सावकारांच्या नावावर झालेली होती. जमीन कसत होता मावळा. सातबारा मात्र सावकाराचा. धरण व्हावे की होऊ नये, यापेक्षा जमिनीला भाव किती मिळणार, हा सावकाराचा प्रश्न होता. मावळ्याला भाव नको होता, भातखाचर हवे होते. शेवटी भरपाई दिली गेली. ती प्रामुख्याने ज्यांच्याकडे कागद होता त्यांना. म्हणजे नुकसान एकाचे आणि भरून निघाले दुसऱ्याचे. मी स्वतः पेठेत वाढलो. शाळेत आम्हाला सेनापती बापट शिकवले गेले, हे सावकार कुणी शिकवले नाहीत.

मुळशीची वीज तयारच व्हायला नको होती, असे मी म्हणत नाही. कोळसा जाळण्यापेक्षा पाणी फिरवणे बरे, हे आज तर अधिकच पटते. माझा मुद्दा हिशेबाच्या वहीचा आहे. वही शहरात लिहिली जाते आणि रक्कम दुसऱ्याच्या शेतातून वळती होते.

ही रीत मुळशीबरोबर संपली नाही. भिवपुरीच्या वीजघराला पाणी पुरवणाऱ्या आंध्रा जलाशयाच्या वरच्या डोंगरमाथ्यावर, भीमाशंकरच्या परिसरात, या शतकात पवनचक्क्या उभ्या राहिल्या. वीज पुन्हा स्वच्छच. पण त्यासाठी जंगल फोडून रस्ते झाले आणि स्थानिकांच्या वाटा अडल्या. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात या प्रकल्पावर बोट ठेवले.

शहरातही भरपाईचा शब्द आता कायद्यात आहे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांहून जुने झाड तोडायचे असेल, तर त्याचे वय जितके, तितकी नवी झाडे लावायची. कागदावर हा सौदा उदार वाटतो. पण साठ वर्षांच्या वडाची सावली साठ रोपांना पहिल्या उन्हाळ्यात देता येत नाही. २०२३ साली वेताळ टेकडीवरच्या प्रस्तावित रस्त्याविरुद्ध पुणेकर चालत निघाले, तेव्हा त्यांच्या मनात हीच शंका होती. त्याच वर्षी केंद्र सरकारने कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना अधिसूचित केली. म्हणजे ही वही आता आणखी जाड होणार.

या वहीत काळाचा हिशेबही चुकतो. विमानाचे इंधन काही तासांत जळते; तेवढा कार्बन शोषायला झाडाला दशके लागतात. मधल्या काळात एखाद्या मार्चमध्ये वणवा लागला, की साठवलेले सारे पुन्हा हवेत. आपल्या टेकड्यांवर वणवे काही नवे नाहीत. कोट्यवधी वर्षे जमिनीखाली सुरक्षित असलेला कार्बन बाहेर काढून तो डोंगरावरच्या रोपाच्या भरवशावर सोडणे हा बरोबरीचा व्यवहार नव्हे.

म्हणून आधी जाळणे कमी करावे आणि जे अगदी टळत नाही तेवढ्यापुरतीच भरपाईची भाषा वापरावी, असे मला वाटते. तीही वापरताना मुळशीचे दोन प्रश्न विचारावेत : जमीन कोणाची, आणि पैसे कोणाच्या हातात पडले?

भाच्याला मी एवढेच विचारले, की तुझी झाडे कोणत्या गावात लागली? त्याने पावती वरपासून खालपर्यंत पाहिली. वजन किलोत होते, रक्कम होती, त्याचे नाव होते. गावाचे नाव नव्हते.