रोडग्याच्या शोधात पांढुर्ण्याला

रोडगा मला प्रथम भेटला तो ताटात नव्हे, भजनात. एकनाथांचे ते भारूड आपल्याकडे देवळातल्या भजनाला हमखास व्हायचे. सासरची माणसे दूर व्हावीत म्हणून भवानीला रोडग्याचा नवस बोलणारी ती सून सगळ्यांच्या ओळखीची, पण रोडगा म्हणजे नक्की काय, हे ना बुवांना ठाऊक, ना टाळ धरणाऱ्यांना. "असेल काही भाकरीसारखं," एवढेच आई म्हणायची. तो रोडगा मी खाल्ला चाळिशी उलटल्यावर, आणि तोसुद्धा महाराष्ट्रात नव्हे, मध्य प्रदेशात!

नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेने काटोल, नरखेड मागे पडले की पांढुर्णा येते. पाट्या हिंदीत झालेल्या असतात, फलाटावरचे बोलणे मात्र मराठीच राहते. स्टेशनाबाहेरच्या एका हॉटेलात इथले खास काय म्हणून विचारले, तर समोर आले दाल फ्राय, शेव-टमाटर आणि तंदुरी रोटी. "इथलं काही नाही का?" तर पोऱ्या म्हणाला, "इथंच तं बनवलं जी!" त्याला हसण्यात अर्थ नाही. पणजीत उतरलेल्या पाहुण्याला तरी मुगागाठी कुठल्या हॉटेलात मिळतात?

मग चौकशी करत करत एका ओळखीच्यांच्या ओळखीने सौसरजवळच्या एका वाडीवर पोचलो. मार्गशीर्षातला दिवस. तिथे काय खाल्ले ते सांगतोच, पण त्याआधी ही माणसे आणि ही चव रेषेपलीकडे कशी राहिली ते सांगायला हवे.

छिंदवाडा जिल्ह्याचे इंग्रजी काळापासून दोन भाग मानले जात. एक सातपुड्याच्या पठारावरचा बालाघाट आणि दुसरा घाटाखालचा, सौसर-पांढुर्ण्याचा झेरघाट. 'झेर' म्हणजे फारसीत खाली. (आपण घाटावरून आलेल्याला घाटी म्हणतो, तोच हिशेब, फक्त उलट्या बाजूने.) सिल्लेवानीचा घाट चढून वर गेलात की हिंदी आणि गोंडी कानावर पडते, कोदो-कुटकी भेटते. खाली काळी जमीन, त्यात कापूस, ज्वारी, तूर, आणि तोंडी मराठी. म्हणजे भाषेची सीमा डोंगराने आधीच आखून ठेवली होती.

सत्ता मात्र डोंगर ओलांडून जात-येत राहिली. वर देवगडला गोंडांचे राज्य होते. त्यांच्यातल्या बख्त बुलंदाने अठराव्या शतकाच्या आरंभी खाली उतरून नागपूर वसवले. पुढे भोसले आले. १८५४ साली इंग्रजांनी त्यांचे राज्य खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, आणि १९५० मध्ये त्याला मध्य प्रदेश नाव मिळाले तरी राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्याबरोबर झेरघाटही. एका रात्रीत नागपूर परराज्यात गेले. २०२३ मध्ये मात्र पांढुर्णा-सौसर तोडून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. हाच जिल्हा सदुसष्ट वर्षे आधी असता तर, असे माझ्या मनात येऊन गेले. १९६७ चा जनमत कौल पाहिलेल्या आपल्या पिढ्यांना अशा 'तर'ची सवय आहे. पण वाडीवरच्या माणसांना त्याचे काही विशेष वाटत नव्हते. "सोयरिका काटोलले, वरूडले. भोपाळले कोण जाते जी!" एवढ्यात त्यांनी विषय संपवला.

तर रोडगे. गहू जाडसर दळलेला, त्यात मीठ, ओवा, तेलाचे मोहन. कणकेच्या पाऱ्या तेल लावून एकात एक गुंडाळायच्या आणि मुठीएवढे गोळे करायचे. शेतातच गोवऱ्या रचून पेटवल्या होत्या. त्यांचे निखारे झाले की गोळे त्यात पुरायचे, वरून भाजले की उलटायचे. हे काम तिथले पुरुष करत होते. बाहेर काढून राख झटकायची, हाताने कुस्करायचे आणि वर तूप. सोबत तुरीचे वरण आणि त्याच बांधावरच्या वांग्यांची झणझणीत भाजी. "सांबार टाक," म्हटल्यावर मी दचकलो, पण सांबार म्हणजे तिकडे कोथिंबीर! पळसाच्या पत्रावळीवर पंगत बसली. गव्हाचा गोळा पळसाच्या पानात गुंडाळून भाजला की तो पानगा. हळदीच्या पानातल्या आपल्या पातोळ्यांचा हा कोरडा, राकट भाऊच म्हणायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीत पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात जी गोटमार होते, तिच्यात मधोमध रोवतात ते झाडही पळसाचेच. त्या दगडफेकीत माणसे मेलेली आहेत. मला तो पळस पत्रावळीतच बरा वाटला.

भोवती मात्र सगळी संत्र्याची झाडे होती. हे फळ भोसल्यांनी औरंगाबादहून नागपुरात आणले असे सांगतात. (संत्रा हा शब्द पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून आला असे म्हणणारेही आहेत. पण बाबराच्या आत्मचरित्रातच संगतरा येतो, तेव्हा हे श्रेय पोर्तुगिजांना द्यायची घाई नको.) पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, की मग बहार धरतो. अंबिया बहाराचे फळ दिवाळीच्या आगेमागे, मृगाचे उन्हाळ्याच्या तोंडावर. त्यातले पुष्कळसे कळमन्याच्या बाजारात जाते आणि तिथून 'नागपुरी' होऊन देशभर. ज्या झाडांनी घराला पैसा दाखवला, त्यांनीच ज्वारी हटवली. बांधालगत चार तासे उभी होती, तेवढीच. "पाखरं खाते, सोंगाले मजूर भेटत नाही," घरच्या आजी म्हणाल्या, "पण गव्हानं पोट भरते, जीव नाही भरत, भाऊ." रात्री त्यांनी त्या ज्वारीची भाकर थापली. खरे सांगायचे तर रोडग्यांपेक्षा तीच मला जास्त आवडली. बरोबर जवसाची चटणी होती. मी त्यांना नेलेली सोलां त्यांनी हुंगून पाहिली आणि औषध समजून कपाटात ठेवली.

निघताना त्यांनी चार रोडगे कागदात बांधून दिले. फोंड्याला पोचेपर्यंत ते दगड झाले होते. आईने एक तुकडा बराच वेळ चघळला आणि म्हणाली, "देवीनं सुनेचं का ऐकलं नाही, ते आज कळलं."