वेळापत्रकांतील शेवटचा तास



कोणत्याहि हायस्कुलांतील वेळापत्रकाचा तक्ता पाहिला, तर त्यांत तासांच्या दोन जाती दिसतात. गणित, इंग्रजी व शास्त्र यांचे तास मुलांचें मन ताजें असतें त्या वेळीं. चित्रकला, गायन, शिवण, सुतारकाम यांचे मधल्या सुटीनंतर, बहुधा दिवसाच्या शेवटीं. माझी सारी नोकरी या दुसऱ्या जातीच्या तासांत गेली. मी मॅट्रिक होऊन पुढें चित्रकलेचें शिक्षण घेतलेला मास्तर. वार्षिक परीक्षा जवळ आली कीं, 'आजचा तास गणिताला द्यावा' अशी चिठ्ठी घेऊन शिपाई दाराशीं उभा राही, आणि मुलें रंगाच्या पेट्या मिटून बीजगणिताच्या वह्या उघडीत. सेवानिवृत्तीनंतर सवड मिळाली, तेव्हां हा तास शेवटीं कां गेला याचा मी शोध घेऊं लागलों. त्या शोधांत आपल्या पुणें शहराचाच सुमारें दीडशें वर्षांचा इतिहास हातीं लागला. तो आज थोडक्यांत निवेदन करतों.

आरंभ मुंबई विद्यापीठापासून केला पाहिजे. तें १८५७ सालीं स्थापन झालें आणि १८५९ सालीं त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजेच मॅट्रिक, झाली. कॉलेजाचें दार म्हणून योजलेली ही परीक्षा पाहतां पाहतां सरकारी नोकरीचेंहि दार होऊन बसली. ज्या विषयावर तींत प्रश्न नाहीं, तो विषय हायस्कुलांत पाहुणा ठरला. १ जानेवारी १८८० रोजीं विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें, तें स्वाभिमानी तरुण पिढी घडविण्याच्या हेतूनें. परंतु गांवांत त्या शाळेचा बोलबाला झाला तो मॅट्रिकच्या निकालामुळें आणि संस्कृतच्या शंकरशेट शिष्यवृत्त्यांमुळें. त्याच मंडळींपैकीं महादेव बल्लाळ नामजोशी यांचा ओढा मात्र उद्योगधंद्यांकडे होता. त्यांच्या व न्यायमूर्ति रानडे यांच्या खटपटीच्या काळांत पुण्यांत औद्योगिक प्रदर्शनें व परिषदा भरल्या. १८९० सालीं येथें औद्योगिक संग्रहालय निघालें. तेंच आज महात्मा फुले वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखलें जातें. हुन्नराचें कौतुक गांवानें केलें, पण शाळेच्या पंगतींत त्याला पाट मांडला नाहीं.

तो मांडावा अशी मागणी त्यापूर्वींच झाली होती. १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं पुण्याहून महात्मा जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनला आपलें निवेदन सादर केलें. चालू शिक्षण कारकून निर्माण करतें, व्यवहारांत उपयोगी पडत नाहीं, असा त्यांचा आक्षेप होता. शेतकीचें व आरोग्याचें प्राथमिक ज्ञान मुलांना मिळावें, असा आग्रह होता. त्याच कमिशननें हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन शाखा सुचविल्या: एक विद्यापीठाकडे नेणारी, दुसरी व्यापार व इतर व्यवसायांची तयारी करणारी. सूचना उत्तम होती, पण ती रुजली नाहीं. दुसऱ्या शाखेच्या शेवटीं कोणतेंच दार नव्हतें. जो मुलगा पुण्यांत वार लावून जेवत होता, त्याच्या बापाच्या डोळ्यांपुढें मामलेदार कचेरी होती. त्यानें मुलाला दुसऱ्या शाखेंत कशाला घालावें? त्याला दोष देण्यास माझी जीभ धजत नाहीं.

मुलींच्या बाबतींत या प्रश्नानें निराळेंच रूप घेतलें. १८८४ सालीं पुण्यांत मुलींचें हायस्कूल निघालें; त्यालाच आपण हुजूरपागा म्हणतों. तेथील अभ्यासक्रमावरून मोठा वाद माजला. मुलींना गृहोपयोगी विषय अधिक शिकवावेत असें टिळकपक्षाचें म्हणणें. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावें असें आगरकरांचें म्हणणें. म्हणजे हाताच्या कामाचा जो तास मुलांना मिळत नव्हता, तो मुलींवर लादला जाण्याची भीति होती! पुढें १९०९ सालीं रमाबाई रानडे यांनीं पुण्यांत सेवासदन सुरू केलें. तेथें शिवण व शुश्रूषा शिकून अनेक निराधार स्त्रिया स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. शिवणाचा तास दोन्हीकडे तोच. एकीकडे तो मुलीला घरांत ठेवण्यासाठीं सुचविला जात होता, दुसरीकडे तो तिला घराबाहेर पडण्याचें साधन झाला. १९१६ सालीं अण्णासाहेब कर्वे यांनीं महिला विद्यापीठ काढलें आणि गृहजीवनशास्त्राला थेट अभ्यासक्रमांत व परीक्षेंत मानाचें स्थान दिलें.

नंतरचा इतिहास वेगानें सांगतों, कारण त्यांत नांवें पुष्कळ बदललीं, वस्तुस्थिति थोडी बदलली. १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत गांधीजींची मूलोद्योगाची योजना पुढें आली, आणि मूलोद्योग शिक्षणाची पहिली परिषद ऑक्टोबर १९३९ मध्यें भरली ती आपल्या पुण्यांतच. त्याच सुमारास प्रांतिक मंत्रिमंडळांनीं राजीनामे दिले व त्या कामाचा जोर ओसरला. ती योजना लहान मुलांच्या शाळांसाठीं होती. हायस्कुलांचें वळण पालटण्याचें काम मुदलियार कमिशननें १९५२-५३ सालीं हातीं घेतलें. त्यानें बहुउद्देशीय शाळा सुचविल्या व ऐच्छिक विषयांचे सात गट आंखून दिले. शेती, तंत्र, ललितकला व गृहशास्त्र यांना शास्त्रविषयांच्या शेजारीं बसविलें. मागोमाग १९६४-६६ च्या कोठारी आयोगानें कार्यानुभव हा शब्द दिला. १९७५ सालीं महाराष्ट्रांत अकरावीऐवजीं दहावीची शालांत परीक्षा सुरू झाली. त्या नव्या रचनेंत माझ्यासारख्यांचे तास तक्त्यावर राहिले. पण मुलाचें भवितव्य ठरविणारी टक्केवारी दुसऱ्याच विषयांतून निघत होती, आणि शिपाई चिठ्ठी घेऊन येतच होता.

या साऱ्यांत चित्रकला कशी टिकली? तिला स्वतःची परीक्षा होती म्हणून. 'एलिमेंटरी' आणि 'इंटरमीजिएट' हीं नांवें पुण्यांतील कित्येक घरांत आजोबांपासून नातवापर्यंत परिचित आहेत. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन यांचे कागद घेऊन मुलें परीक्षेस बसत, म्हणून त्यांच्या तयारीचा तास सहसा कोणी मागत नसे. माझ्या नोकरीच्या अखेरीस या परीक्षांतील श्रेणीबद्दल दहावीला वाढीव गुण मिळूं लागले. माझा वर्ग भरून गेला. मला आनंद झाला, हें नाकारीत नाहीं. परंतु निकाल लागला कीं त्यांतील पुष्कळ मुलांचे कुंचले वाळून जात. परीक्षा नसेल तर तास हिरावला जातो. केवळ परीक्षाच असेल तर तासांतील जीव जातो. या दोहोंच्या मध्यें मार्ग कोणता?

पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें १९८३ सालीं डॉ. कलबाग यांनीं विज्ञान आश्रम सुरू केला. मुलांनीं गांवाला उपयोगी पडणारें काम करावें आणि करतां करतां शास्त्र शिकावें, अशी तेथील रीत. ती मला या प्रश्नाच्या उत्तराजवळ जाणारी वाटते, कारण तेथें काम हें अभ्यासाची सुटी नाहीं, अभ्यासच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंहि अभ्यासविषय व अभ्यासेतर विषय हा भेद मिटवावा, सहावीपासून मुलांना व्यवसायाची ओळख व्हावी, त्यासाठीं दहा दिवस दप्तराविना असावेत, असें म्हटलें आहे. शब्द चांगले आहेत. १८८२ सालचेहि चांगले होते.

एक आठवण सांगून पुरें करतों. माझ्या वर्गांत एक मुलगा होता. भूमितीच्या तासाला तो शेवटच्या बांकावर मान खालीं घालून बसे. कर्तव्यभूमितींत मात्र त्याचा कंपास इतका नेमका चाले, कीं शेजारचीं मुलें त्याला विचारूं लागलीं. जीं प्रमेयें त्याला फळ्यावर कळत नव्हतीं, तीं त्याला हातानें कळत होतीं. तो तास त्या दिवशीं गणिताला दिला असता, तर गणिताचेंच नुकसान झालें असतें.

प्रगतिपुस्तकाच्या तळाशीं या विषयांची एक ओळ असते. आईबापांनीं तेथवर नजर न्यावी, आणि सायंकाळीं मुलाला किती गुण मिळाले हें विचारण्याआधीं, आज तूं काय केलेंस, हें विचारावें. घरांत जो तास महत्त्वाचा ठरेल, तो शाळेंत फार काळ शेवटीं राहणार नाहीं.