कोंढाण्याचे जागले
मंडळी, ‘सिंहासन’ (१९७९) चित्रपटातला पत्रकार दिगू टिपणीस सगळं पाहतो, शेवटी वेड्यासारखा हसतो. पडदा पडतो. आपल्या कर्जत तालुक्यातल्या कोंढाणे धरणाचं तसं झालं नाही. २०१२ साली अंजली दमानियांनी माहिती अधिकारातले कागद चव्हाट्यावर आणले. त्याच वर्षी मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सिंचनातल्या गैरव्यवहारांवर सरकारला पत्र लिहिलं. कोंढाण्याबाबत गुन्हा दाखल व्हायला मात्र २०१५ उजाडलं! कथेत एक कागद खुर्ची हलवतो; इथे तो पुढच्या कागदाची वाट पाहतो. पूर्वी गाव राखणाऱ्या जागल्याला गाव धान्य देई. आजच्या जागल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ साली झाला. लागू अजून झालेला नाही. म्हणजे बघा, जागायचं त्यांनीच, निभवायचंही त्यांनीच.