शाळेतली नोंद नोकरीपर्यंत का पोचत नाही? पेन, अपार आणि यूएएन समजून घ्या

नागपूर : काटोल, नरखेड, उमरेड, भिवापूरकडचं पोरगं पहिलीत गेलं की त्याची नोंद शाळेत होते. बारावीनंतर ते बुटीबोरीच्या कंपनीत लागलं, पुण्याला गेलं की घरच्या वावरातच राहिलं, हे मात्र एकाही सरकारी नोंदीत सलग दिसत नाही. शिक्षणाचे आकडे एका खात्यात, कामगारांचे दुसऱ्या खात्यात. त्यामुळे आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड बरा की बीए, हे आई-बापाला आजही शेजाऱ्याच्या पोराकडे पाहूनच ठरवावं लागते.

आधी शाळेचं पाहू. महाराष्ट्रात 2015 पासून ‘सरल’ प्रणालीत विद्यार्थ्यांची माहिती भरली जाते. पण ती राज्यापुरती. केंद्राच्या ‘यूडायस प्लस’वर 2022-23 पासून प्रत्येक विद्यार्थ्याची वेगळी नोंद होऊ लागली आणि त्याला 11 अंकी ‘पेन’ नंबर मिळाला. शाळा सोडली की पोराचं नाव ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये जाते, नवी शाळा तिथून ते उचलते. कापूस वेचायला मध्य प्रदेशातून आलेल्या घरातल्या लेकराला हा नंबर मोठ्या कामाचा आहे. कोणीच उचललं नाही, तर पोरगं शाळाबाह्य झालं की काय, हे तपासता येते.

2023 मध्ये ‘अपार’ आला, 12 अंकी. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पुढे कॉलेजचे क्रेडिट, सगळं डिजिलॉकरला जोडून एकाच नंबरावर ठेवायचं, असा त्याचा हेतू.

नोकरीचा नंबर वेगळाच. पीएफ कापला जाणाऱ्या कामगाराला ‘यूएएन’ मिळतो, कंपनी बदलली तरी तोच राहतो. असंघटित कामगारांसाठी 2021 पासून ई-श्रम कार्ड आहे. आधार, अपार, पीएफचा यूएएन आणि ई-श्रमचा नंबर, चारही 12 अंकी. सेतू केंद्रावर फॉर्म भरताना एकाच्या जागी दुसरा टाकला जातो, एवढं सांभाळा.

हे नंबर जोडले तर काय कळेल? ब्रिटनमध्ये शिक्षणाच्या नोंदी आयकर खात्यातल्या कमाईच्या नोंदींशी जोडतात. कोर्स संपल्यावर एक, तीन, पाच आणि दहा वर्षांनी त्या कोर्सची पोरं किती कमावतात, हे कोणाचंही नाव न सांगता प्रसिद्ध करतात. आपल्याकडे केंद्राच्या कॉलेज रँकिंगमध्ये पगाराचा आकडा असतो, पण तो कॉलेज स्वतःच देते. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’चा फ्लेक्स दिसला की तीन गोष्टी विचाराव्या: पास किती झाले, कामाला किती लागले, वर्षभरानंतर टिकले किती. उत्तर लेखी मागा. मग फ्लेक्सचा रंग उतरतो.

पण जोडणी झाली म्हणजे सगळं दिसेल, असंही नाही. पीएफचा कायदा साधारणपणे 20 किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतो. गावात मोटर रिवाइंडिंग करणारा, संत्र्याचा बगीचा सांभाळणारा त्यात येतच नाही. तो चार पैसे बरे कमावत असला तरी पीएफच्या आकड्यात बेकारच दिसेल. असा आकडा धरून कोणी ट्रेड बंद करायला निघालं, तर नुकसान गावाचंच.

पोरींचा प्रश्न आणखी अवघड. शाळेत ‘कु.’ लावून वडिलांचं नाव, लग्नानंतर आधारवर नवऱ्याचं नाव आणि आडनाव. नावावरून जोडणी केली तर शिकलेली पोरगी आणि कामावरची बाई, दोन वेगळ्या माणसी दिसतात. म्हणून नंबर पक्का हवा, आणि लग्नानंतर आधार बदललं की पीएफ खात्यातही बदल करून घ्यावा.

‘अपार’ काढताना आधार आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव, जन्मतारीख जुळावी लागते. पोरगं शाळेत आहे तोवर मुख्याध्यापकाकडे अर्ज करून दुरुस्ती करून घ्या. दाखला निघाल्यावर तेच काम फार किचकट होते.

अपारसाठी पालकाची संमती लागते, ती ऐच्छिक आहे आणि नंतर मागेही घेता येते. शाळेतून संमतीपत्र आलं तर वाचून सही करा, आणि त्याचा एक फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.