आधी गाळा, मग तापवा

आम्ही उचगावच्या बचत गटाच्या बायका. मागच्या बैठकीत आमच्यापुढं कर्जाचा एक अर्ज आला. पाणी गाळणारं आणि तोटी फिरवली की लगेच गरम पाणी देणारं, असं एकच यंत्र एका मैत्रिणीला घ्यायचं होतं. सुनेला सातवा महिना लागलाय आणि घरात थकलेली सासू आहे. कुणी म्हणालं ही चैन, कुणी म्हणालं ही गरज. मग ठरलं, आपल्या आया-आज्यांनी पाण्याचं काय काय केलं ते आधी बघू, निर्णय मागनं घेऊ.

जुन्या घरात पाणी दोन जागी असायचं. प्यायचं पाणी स्वयंपाकघरात, घागरीच्या तोंडाला फडकं बांधून गाळलेलं. पावसाळ्यात गढूळ आलं तर त्यात तुरटी फिरवायची. आंघोळीचं पाणी न्हाणीजवळच्या तांब्याच्या बंबात. बंबाच्या मधल्या नळीत शेणी, चिपाडं पेटायची आणि भोवतीचं पाणी तापायचं. तिकडं लंडनमध्ये 1868 साली बेंजामिन मॉन यांनी गॅसवर पाणी तापवणारं यंत्र केलं. आइसलंडमधल्या गरम पाण्याच्या झऱ्यावरून त्याला ‘गिझर’ नाव दिलं. तोच शब्द आज आपल्या तोंडी आहे. पण बंब असो की गिझर, ते पाणी अंगावर घ्यायचं. प्यायचं पाणी वेगळंच राहिलं.

गाळणं आणि तापवणं ही दोन्ही कामं प्यायच्या पाण्यासाठी एकत्र केली ती आपल्याच भागातल्या जैन घरांनी. कोल्हापूर जिल्ह्यात जैन शेतकरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या रीतीप्रमाणं पाणी आधी जाड दुहेरी कापडातून गाळायचं. कापडावर अडकलेले बारीक जीव मरू नयेत म्हणून ते कापड उलटं धरून पाण्यानं धुवायचं आणि ते पाणी परत त्याच विहिरीत सोडायचं. नुसतं गाळलेलं पाणी दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं चालतं, उकळलेलं 24 तास चालतं, असा नेम. यामागं विचार अहिंसेचा होता, रोगाचा नव्हता. पण क्रम बघा: आधी गाळायचं, मग तापवायचं.

गाळण्यानं रोग अडतो हे जगाला ठळक दिसलं ते 1892 साली. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात पटकीची साथ आली, साडेआठ हजारांच्या आसपास माणसं गेली. शेजारचं आल्टोना शहर त्याच एल्बे नदीचं पाणी प्यायचं, तेही हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला. पण तिथं पाणी वाळूतून गाळून घेत, म्हणून तिथं साथ फार कमी पसरली.

आपल्या फडक्याचीही परीक्षा झाली. बांगलादेशातल्या मतलब भागात 65 गावांत शास्त्रज्ञांनी हा प्रयोग केला, तो 2003 साली प्रसिद्ध झाला. जुन्या सुती साडीची अनेक पदरी घडी करून ज्या बायकांनी पाणी गाळलं, त्यांच्या गावांत पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्यानं कमी झाले. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून राहतात आणि ते किडे साडीत अडकतात. जुनी साडी नव्या साडीपेक्षा बरी, कारण धुऊन धुऊन तिचं सूत फुलतं आणि भोकं लहान होतात.

पण फडक्याची हद्द किती, ते आपल्या जिल्ह्याला 2012 साली कळलं. इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. ती हेपॅटायटिस ई या विषाणूची होती. प्यायच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं की ही कावीळ पसरते. हा विषाणू इतका बारीक की साडीचे कितीही पदर करा, तो पार जातो. पाणी काचेसारखं नितळ दिसतं, तरी त्यात तो असू शकतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाईला ही कावीळ झाली, तर शंभरातल्या वीस ते पंचवीस जणी दगावू शकतात. हे वाचल्यावर बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. मैत्रिणीच्या सुनेचे तेच दिवस जवळ आलेत. चैन हा शब्द परत कुणी काढला नाही.

तरी यंत्र आणलं म्हणजे काळजी मिटली असंही नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरात कोल्हापूरचं पाणी उपसणारी केंद्रंच पाण्याखाली गेली. चहूकडं पूर आणि प्यायला टँकर. अशा वेळी वीज गेली तर विजेवरचं यंत्र नुसतं शोभेचं. विजेशिवाय चालणारी गाळणीही आपल्या महाराष्ट्रातच घडली आहे. पुण्यातल्या टाटांच्या संशोधन केंद्रात भाताच्या तुसाची राख वापरून पाणी गाळायची रीत तयार झाली. त्यातूनच 2009 च्या डिसेंबरात ‘टाटा स्वच्छ’ बाजारात आलं. त्याला ना वीज लागायची, ना नळ.

हे सगळं बघून आम्ही कर्ज मंजूर केलं, पण चार गोष्टी ठरवून.

एक, यंत्रात पाणी आधी गाळलं जाऊन मगच तापलं पाहिजे. गाळणीच्या पडद्यात गरम पाणी सोडलं तर पडदा खराब होतो.

दोन, गाळणी बदलायचा खर्च कर्जाच्या हप्त्याबरोबरच दर महिन्याला बाजूला टाकायचा. वेळेवर न बदललेली गाळणी ही घाणीची पिशवीच.

तीन, गरम म्हणजे उकळलेलं नव्हे. वीज गेली, पूर आला किंवा गावात काविळीची कुणकुण लागली, की पाणी पातेल्यात एक मिनिट खळखळून उकळायचं. मग झाकून ठेवायचं आणि ओगराळ्यानं घ्यायचं, हात बुडवायचा नाही.

चार, गरम पाण्याची तोटी लहान लेकरांच्या हाताला लागणार नाही इतकी उंच ठेवायची.

आणि पातेलं, फडकं माळ्यावर टाकायचं नाही. यंत्र बंद पडेल त्या दिवशी तेच उपयोगी पडणार आहे. तुमच्या गटातही कुणी असा अर्ज केला, तर यंत्राच्या किमतीच्या आधी घरात गरोदर कोण आहे, लहान कोण आहे, म्हातारं कोण आहे, ते विचारा. बाकीचा हिशोब मग करा.