कोक काढा, लाकडी कोळसा घाला?

पोलाद कारखान्यातला सर्वांत कळकट विभाग कोणता, तर सिंटर प्लांट, म्हणजे लोहखनिजाचा चुरा भाजून त्याची भट्टीजोगी ढेकळं करणारा विभाग. तो कळकट का, तर तिथे कोकचा चुरा जळतो म्हणून. तेव्हा कोकऐवजी लाकडी कोळसा घाला. झाडाने वाढताना घेतलेला कार्बन जळताना परत जातो, हिशोब शून्यावर येतो. हरित पोलादाच्या चर्चेत हा युक्तिवाद इतका रुळला आहे की त्याला कुणी हटकत नाही.

पूर्वपक्षातलं खरं ते आधी मान्य करू. लाकडी कोळशात गंधक फार कमी असतं, नायट्रोजनही सहसा कमी. सिंटरच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन ऑक्साइड बव्हंशी इंधनातूनच येतात, त्यामुळे ते उतरतात. इथवर वाद नाही.

पण सिंटरमध्ये इंधनाने नुसती उष्णता देऊन भागत नाही, ती नेमक्या थरात आणि पुरेसा वेळ द्यावी लागते. खनिजाच्या फाइन्स (बारीक चुरा), चुनखडी आणि तीन मिलिमीटरच्या आतला कोकचा चुरा पाणी मारून ड्रममध्ये फिरवतात आणि त्याचा सहाशे-सातशे मिलिमीटरचा थर सरकत्या पॅलेटवर पसरतात. वरून हूडखाली पेटवायचं, खालून पंख्याने हवा ओढायची. आगीचा पट्टा मिनिटाला साधारण 20-25 मिलिमीटर खाली उतरतो. त्या पट्ट्यात 1300 अंशांच्या आसपास दाणे अर्धवट वितळून एकमेकांना धरतात, आणि या धरण्याला जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात. लाकडी कोळसा सच्छिद्र, चटकन पेटणारा. त्याची आग पुढे पळते, उष्णता मागे रेंगाळते, आणि वितळायला हवा तो थर अर्धकच्चा राहतो. पालापाचोळ्यावर भाकरी भाजत नाही, तिला निखारा लागतो. कोळसा नीट जाळून केलेला नसेल तर त्यातले वाफाळ पदार्थ आगीच्या आधीच सुटून पुढे नळ्यांत आणि धूळ पकडणाऱ्या यंत्रात डांबरासारखे जमतात, ते वेगळंच.

या सरकत्या पॅलेटच्या रांगेच्या, म्हणजे स्ट्रँडच्या, टोकाला भाजलेल्या थराचा केक क्रशरवर कोसळतो तिथे हे डोळ्यांनी दिसतं. आग वेळेवर तळाला पोचली असेल तर तुटलेल्या कडेवर खालच्या भागातच लाल पट्टी दिसते, सरळ आणि सारख्या जाडीची. ती फाटकी, वरखाली गेलेली असली की चाळणीखाली रिटर्न फाइन्स वाढणार, हे ऑपरेटर मीटर न बघता सांगतो. त्या फाइन्स पुन्हा मिश्रणात जातात, पुन्हा भाजाव्या लागतात. वाचवलेलं इंधन इथेच परत जातं.

आता थोडं गणित. टनभर सिंटरला पन्नास किलोच्या आसपास कोक चुरा लागतो, म्हणजे चाळीसेक किलो कार्बन. धूर टनामागे दोन हजार घनमीटर आणि त्यात एक टक्का कार्बन मोनॉक्साइड धरला, तर दहा किलोंवर कार्बन अर्धवट जळूनच चिमणीतून निघून जातो. मोनॉक्साइडपर्यंत जळलेला कार्बन आपल्या उष्णतेचा जेमतेम चौथा हिस्सा देतो. खरी उधळपट्टी ही आहे. लाकडी कोळसा कोकपेक्षा जास्त क्रियाशील असल्याने तो ही गळती वाढवण्याकडेच झुकतो. शिवाय चुनखडी तापली की तिच्या वजनाच्या 44 टक्के कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोच, इंधन कोणतंही असो. शून्याचा हिशोब मांडणारे ही रक्कम कुठे लिहितात?

सिंटर पुढे ज्या झोतभट्टीत जातो, तिचं तर नावच निघत नाही. तिथे टनभर वितळलेल्या लोखंडाला कोक आणि दगडी कोळसा मिळून पाचशे किलोंच्या घरात इंधन जातं. सिंटर ठिसूळ निघाला, भट्टीत चुरा होऊन वायूची वाट अडली आणि हा खर्च चार टक्क्यांनी वाढला, तर वीस किलो गेले. तेवढ्या लोखंडाला लागणाऱ्या सिंटरचं सगळं इंधन मिळून साठ-पासष्ट किलो असतं. आणि कोकचा चुरा म्हणजे भट्टीत घालण्यापूर्वी कोक चाळताना उरलेला माल. सिंटरने नाकारला तरी तो कुठेतरी जळणारच.

‘मग सिंटरऐवजी स्वीडनसारखे पेलेट (खनिजाच्या भाजलेल्या गोळ्या) करा’ म्हणणारे विसरतात की तिथलं खनिज मॅग्नेटाइट आहे, ते भाजताना स्वतःच उष्णता देतं. आपल्याकडचं बहुतेक हेमॅटाइट ती देत नाही.

उपाय आहेत, फक्त ते इंधनाच्या नावात नाहीत. वरच्या थरांची उष्णता हवेबरोबर खाली उतरते, म्हणून थर जाड ठेवून तळाशी कोक कमी घालता येतो. ऑस्ट्रियातल्या लिंझला 2005 पासून धुराचा काही भाग परत स्ट्रँडवर सोडतात, त्यातला मोनॉक्साइड तिथे पुन्हा जळतो. जपानच्या जेएफईने 2009 मध्ये केइहिनला थरावरून थोडा इंधनवायू सोडायला सुरुवात केली. कमाल तापमान न वाढवता 1200 अंशांवरचा वेळ लांबला, कोक चुरा घटला, आणि वर्षाला 60 हजार टनांपर्यंत कार्बन डायऑक्साइड वाचत असे, असं कंपनीचं म्हणणं होतं.

आणि लाकडी कोळसा मिळतच असेल तर तो दळून झोतभट्टीत ट्युयरमधून, म्हणजे हवेच्या नळीतून, फुंकावा, ब्राझीलच्या छोट्या भट्ट्यांत फुंकतात तसा. तिथे इंधनाने क्षणार्धात जळणंच अपेक्षित असतं.