शाळेच्या पैशाचा हिशेब कोणी मागायचा?

शिक्षणातल्या भ्रष्टाचाराविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा नीतीच्या भाषेत. माणसे बिघडली, पूर्वीची निष्ठा राहिली नाही, शिक्षणाचा बाजार झाला, अशी हळहळ व्यक्त केली की विषय संपतो. मला ही भाषा अपुरी वाटते. चोरी कोणी केली, या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न आहे. ज्याचे चोरीला गेले, त्याला ते आपले होते हे ठाऊक होते काय? आणि ठाऊक असले तरी विचारण्याची त्याची ताकद होती काय? हे दोन प्रश्न घेऊन मी शिक्षणसुधारणेच्या इतिहासाकडे पाहतो. त्यासाठी दोन भूमी निवडल्या आहेत. एक आफ्रिकेतला युगांडा आणि दुसरी आपली. या दोहोंना शेजारी ठेवले म्हणजे एकीची जखम दुसरीच्या उजेडात दिसते.

युगांडात १९९० नंतरच्या वर्षांत सरकारने प्राथमिक शिक्षणावरचा खर्च वाढवला. पण अहवालांत शाळांतली मुले वाढलेली दिसेनात. पैसा वाढतो आणि पट वाढत नाही, हे कोडे होते. राजधानीतल्या कागदांवर सगळे ठीक होते. रक्कम मंजूर झाली, जिल्ह्याला रवाना झाली, नोंद झाली. ती शाळेत पोहोचली की नाही, याची नोंद मात्र कोठेच नव्हती. म्हणून १९९६ साली १८ जिल्ह्यांतल्या २५० सरकारी प्राथमिक शाळांत जाऊन शाळेच्याच वह्या तपासण्यात आल्या. दर विद्यार्थ्यामागे शाळेला जे अनुदान मिळायचे, त्याचा १९९१ ते १९९५ या काळाचा हिशेब मांडला गेला. सरासरीने शंभरातले तेरा शाळेपर्यंत पोहोचले होते. बहुसंख्य शाळांना तर एक पैसाही मिळाला नव्हता. उरलेले सारे जिल्ह्याच्या कचेऱ्यांत आणि तिथल्या राजकारणात जिरले.

रित्वा राइनिक्का आणि याकोब स्वेन्सन या अभ्यासकांनी ही आकडेवारी पुढे आणखी उकलली. त्यांना आढळलेली एक गोष्ट आपण लक्षात ठेवावी अशी आहे. पैसा सगळ्याच शाळांचा सारखा गळत नव्हता. बऱ्या स्थितीतल्या वस्तीच्या शाळेला त्यातल्या त्यात अधिक मिळे, गरीब वस्तीच्या शाळेला कमी मिळे. नियम सर्वांना एकच होता. परंतु प्रत्यक्षात शाळेला किती मिळणार हे तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसांच्या वजनावर ठरत होते. म्हणजे भ्रष्टाचार आंधळा नसतो, त्याला डोळे असतात. कोणाचे खाल्ले तर बोंब होईल आणि कोणाचे खाल्ले तर होणार नाही, हे त्याला नीट कळते.

त्यानंतर युगांडाच्या सरकारने एक साधा उपाय केला. जिल्ह्यांना दरमहा किती रक्कम दिली, हे वर्तमानपत्रांतून छापण्यास सुरुवात केली. इंग्रजी पत्रात छापले, तिथल्या लोकभाषांतल्या आवृत्त्यांतही छापले. पुढे शाळेला किती मिळाले हे शाळेच्या भिंतीवर लावण्याचाही दंडक घातला. १९९७ साली प्राथमिक शिक्षण सर्वांसाठी खुले झाले आणि मुलांची संख्या झपाट्याने वाढली. २००१ पर्यंत अनुदानाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग शाळांना मिळू लागला होता. ज्या मुख्याध्यापकाच्या गावाजवळ वर्तमानपत्र मिळत होते, त्याला नियम अधिक माहीत होते आणि त्याच्या शाळेला पैसाही अधिक मिळत होता.

ही कहाणी पुढे जगभर सांगितली गेली. कागद उघडा करा, भ्रष्टाचार पळेल, असे तिचे सार झाले. २००७ साली पॉल हबर्ड या अभ्यासकाने तिला योग्य तो लगाम घातला. त्या काळात तिथे केवळ वर्तमानपत्र आले नव्हते. पैसा देण्याची पद्धत, देखरेख आणि राज्यकर्त्यांची इच्छा हे सारेच बदलत होते. बदलाचे सगळे श्रेय छापील ओळींना देणे बरोबर नाही, असे त्याचे म्हणणे. मला ते पटते. पण आपल्या दृष्टीने मी त्यात एक भर घालू इच्छितो. हिशेब प्रसिद्ध होणे ही अर्धी लढाई आहे. उरलेली अर्धी लढाई तो वाचणारा कोण आणि तो वाचून उभा राहणारा कोण, याची आहे. आणि ही अर्धी लढाई आपल्याकडे फार जुनी आहे.

धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने १८५६ साली प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. ज्या खजिन्यातून ती शाळा चालत होती, त्यात प्रजेच्या सर्व थरांचा घाम होता. खजिन्याला विटाळ नव्हता, बाकाला होता. १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसली आणि तिचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी ठेवला गेला. पट्टी कुळवाड्याने भरली. तिच्यावर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेचा लाभ कोणी घेतला?

हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवला. त्या निवेदनाला आपण शिक्षणविषयक निवेदन म्हणतो. मी त्याला हिशेबाची मागणीही म्हणतो. सरकारचे उत्पन्न रयतेच्या कष्टातून येते आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी मांडले. इलाख्यातल्या दहांपैकी नऊ खेड्यांत, म्हणजे सुमारे दहा लाख मुलांसाठी, शाळेची काहीच सोय नाही, हे त्यांनी निदर्शनास आणले. बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा आणि कष्टकरी वर्गातून शिक्षक तयार करा, असेही सांगितले. येथे कोणी लाच घेतलेली नव्हती. सारे कायदेशीर होते. गरिबाकडून घेऊन सधनाला देणे हेच धोरण होते. आजच्या तौलनिक अभ्यासात भ्रष्टाचाराची व्याख्या ‘सार्वजनिक अधिकाराचा खाजगी लाभासाठी वापर’ अशी केली जाते. फुल्यांचा प्रश्न त्या व्याख्येच्या मुळाशी जातो. सार्वजनिक अधिकारच जर काही जातींची खाजगी मालमत्ता असेल, तर त्याचा नियमानुसार होणारा वापर तरी सार्वजनिक कसा?

पंचेचाळीस वर्षांनी, मार्च १९२७ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदे मंडळात शिक्षणाच्या अनुदानावर भाषण केले. तेही आकड्यांचेच होते. सरकार माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्च करते आणि दारूवरील करातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हे त्यांनी दाखवले. शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोहोचतात आणि बाकीची पुन्हा निरक्षरतेत बुडतात, हेही दाखवले. गळती हा शब्द आज आपण मुलांसाठीही वापरतो आणि पैशासाठीही. या दोन गळत्यांचा एकमेकींशी असलेला संबंध त्यांच्या मांडणीत दिसतो. एक महिन्यापूर्वी कायदे मंडळात येऊन बसलेला सभासद सरकारी अंदाजपत्रक उलगडून विचारीत होता, आमचा वाटा कोठे आहे?

स्वातंत्र्यानंतर वाटा कागदावर आला. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९४४ पासून सुरू झालेली शिष्यवृत्ती पुढे वाढत गेली. वसतिगृहे, पाठ्यपुस्तके, गणवेश, मुलींसाठी दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता, दुपारची खिचडी. या योजनांना नावे ठेवणाऱ्यांत मी नाही. माझ्या पिढीतले कित्येकजण त्यांच्याच आधाराने शिकले. मी स्वतः वसतिगृहात असताना शिष्यवृत्ती वर्ष सरता सरता हाती येई आणि सही घेणारा कारकून ‘चहापाणी’ आधीच बाजूला काढून ठेवी. आम्ही मुकाट्याने सही करीत असू. रक्कम किती मंजूर आहे, हे आम्हाला कधी कोणी सांगितले नव्हते. सांगितले असते तरी पुढल्या वर्षीचा अर्ज त्याच खिडकीत द्यायचा होता.

आपल्या नावाने दुसराच कोणी शिकतो, असा प्रकार आता मोठ्या प्रमाणावर होऊ लागला आहे. अनुसूचित जाती, जमाती व मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या खाजगी संस्थांनी परस्पर उचलल्याच्या आरोपावरून हिमाचल प्रदेशात २०१९ साली सीबीआयने गुन्हा दाखल केला. आपल्या महाराष्ट्रात पट हेच चलन आहे. पटावर तुकडी ठरते, तुकडीवर शिक्षकाचे पद, पदावर अनुदान आणि पटावरच तांदूळ. म्हणून पट फुगवला जातो. नांदेड जिल्ह्यात तपासणी झाली तेव्हा लाखाहून अधिक नावे खोटी निघाली. त्यानंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत मुलांच्या बोटाला शाई लावून राज्यभर पटपडताळणी झाली. पटावरची सुमारे वीस लाख मुले जागेवर आढळली नाहीत. ती सगळीच बोगस होती, असे मी म्हणणार नाही. आजारी मूल, कामाला लावलेले मूल, आईबापांबरोबर गाव सोडून गेलेले मूलही त्यात असणार. पण हीच तर खरी शोकांतिका आहे. जन्मालाच न आलेले मूल आणि जन्मून शाळेबाहेर राहिलेले मूल, दोघेही हजेरीपटावर एकाच शाईने ‘हजर’ असतात. खोट्या हजेरीत खऱ्या मुलाची गैरहजेरी झाकली जाते.

शिक्षकांच्या उपस्थितीची अशीच पाहणी सहा देशांत २००२-०३ च्या सुमारास झाली. अचानक दिलेल्या भेटींत पेरूमध्ये शंभरातले अकरा प्राथमिक शिक्षक गैरहजर होते, बांगलादेशात सोळा, भारतात पंचवीस, युगांडात सत्तावीस. भारतातही राज्याराज्यांत अंतर होते. महाराष्ट्रात सुमारे पंधरा, झारखंडात सुमारे बेचाळीस. महाराष्ट्राची स्थिती त्यातल्या त्यात बरी. याचा अभिमान बाळगण्याआधी ध्यानात घ्यावे, की पंधरा टक्के गैरहजेरी म्हणजेही दर सात शिक्षकांमागे एक गैरहजर. याच पाहणीतून असेही दिसले, की कंत्राटावर स्थानिक माणूस नेमला म्हणून हजेरी आपोआप सुधारत नाही. ‘स्थानिक’ या शब्दाविषयी मला नेहमीच संशय वाटत आला आहे. गावचा माणूस म्हणजे आपला माणूस, असे समीकरण ज्यांना मांडता येते ते गावात राहिलेले असतात, गावकुसाबाहेर राहिलेले नसतात.

तौलनिक अभ्यासाचे मोल मान्य करूनही त्यावर माझा आक्षेप आहे तो येथे. अशा अभ्यासांत ‘पालक’ आणि ‘समाज’ हे शब्द सलग येतात, जणू पालक हा एकच वर्ग आहे. आपल्याकडे शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. विनाअनुदानित खाजगी शाळा वगळता इतर शाळांत व्यवस्थापन समिती हवी, तिच्यात तीनचतुर्थांश पालक हवेत, वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी, निम्म्या स्त्रिया हव्यात आणि अनुदानाच्या वापरावर या समितीने लक्ष ठेवावे, असे त्यात म्हटले आहे. कायदा चांगला आहे. पण समितीत बसलेली शेतमजूर बाई ज्या माणसाला तांदळाचा हिशेब विचारणार, त्याच्याच भावकीच्या शेतात ती उद्या खुरपायला जाणार आहे. हिशेब विचारण्याची किंमत रोजगाराने चुकवावी लागत असेल, तर भिंतीवरचा फलक कितीही मोठ्या अक्षरांत लिहिला तरी मुकाच राहतो.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ पासून गावोगावी जनसुनवाया भरवल्या. कामाचे हजेरीपट चारचौघांत मोठ्याने वाचले गेले. नाव पुकारले की तो माणूस उठून सांगे, मी या कामावर गेलोच नव्हतो. युगांडातील वर्तमानपत्र वाचू शकणाऱ्यांसाठी होते. जनसुनवाई वाचता न येणाऱ्यांसाठीही होती आणि एकटा माणूस घाबरतो ते तिथे पन्नास जण मिळून विचारीत होते. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा ज्या चळवळीतून आला, तिचे एक मूळ या सुनवायांत आहे.

म्हणून मला म्हणायचे आहे ते एवढेच. शिक्षणातला भ्रष्टाचार ही दुहेरी चोरी आहे. तो आजचा पैसा पळवतो आणि उद्या त्या पैशाचा हिशेब मागू शकेल असे मूलही अशिक्षित ठेवतो. म्हणून तो स्वतःला जन्म देत राहतो. ही साखळी वरून कोणी तोडून देईल, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. हिशेब लिहिलेला हवा, आपल्या बोलीत हवा, आणि तो विचारणारा एकटा नको. फुल्यांनी रयतेच्या पट्टीचा हिशेब मागितला, बाबासाहेबांनी चौदा आण्यांचा. वस्तीतल्या शाळेत पटावर किती नावे आहेत, वर्गात किती मुले बसतात, या वर्षी किती शिष्यवृत्त्या मंजूर झाल्या आणि किती मुलांच्या हाती पडल्या, हे चार आकडे काढून वस्तीच्या बैठकीत मोठ्याने वाचणे हे त्याच परंपरेतले काम आहे. आपल्या अभ्यासमंडळांनी, वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षक मित्रांनी ते या जूनपासून हाती घ्यावे.